दोन ओंजळी कोळसा

झांबियाच्या पश्चिमेला काओमा नावाचा जिल्हा आहे. तिथली जमीन म्हणजे कालाहारीची वाळू, एकेकाळी वाऱ्यानं आणून पसरलेली. ओंजळीत घेतली तर बोटांच्या फटींतून गळून जाते, ओली असताना मूठ आवळली तरी ढेकूळ धरत नाही. नोव्हेंबरात पाऊस लागतो, मका पेरला जातो, अनुदानातून मिळालेल्या खताची गोणी फोडली जाते. मग एखादी मोठी सर येते आणि त्या खतातला बराच भाग मुळांच्या खाली, मक्याला कधीच पोचता येणार नाही अशा थरात झिरपून जातो. हातावर पोट असलेल्या माणसाचं खत असं डोळ्यांदेखत वाया जातं.

या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या रानात झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. मक्याची दाणे काढलेली कणसं जाळून केलेला कोळसा हेक्टरी 4 टन या हिशेबानं मातीत मिसळला, खत नेहमीचंच दिलं. नुसतं खत दिलेल्या तुकड्याच्या तुलनेत मक्याचं उत्पन्न चौपटीहून थोडं जास्त निघालं. याच प्रयोगमालेत झांबियातलीच इतर काही ठिकाणंही होती. त्यांतली तीन वेगळ्या मातीची. तिथं मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

एका ठिकाणी जादू वाटावी असा परिणाम आणि दुसरीकडे काहीच नाही, असं का झालं असेल? या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की बायोचार ही गोष्ट समजली. त्यावर आपल्याकडे हल्ली बरंच बोललं जातं, पण बहुतेक वेळा ते 'काळं सोनं' या दोन शब्दांपाशीच थांबतं.

आधी बायोचार म्हणजे काय ते पाहू. लाकूड, पाचट, टरफलं, कणसं, काहीही वाळलेलं उघड्यावर पेटवलं तर शेवटी राख उरते. त्यातला जवळजवळ सगळा कार्बन हवेत जातो. तीच वस्तू हवेचा पुरवठा तोडून तापवली, साधारण 350 ते 700 अंश सेल्सिअसपर्यंत, तर तिच्यातला ओलावा आणि वायू निघून जातात आणि कार्बनचा सांगाडा मागे राहतो. लोणारी लोक पिढ्यान्‌पिढ्या भट्टीत हेच करत आले. तो कोळसा चुलीसाठी केला तर लोणारी कोळसा, जमिनीत घालण्यासाठी केला तर बायोचार.

चुलीतला विझलेला, कोरडा कोळसा पाण्याच्या ग्लासात टाकून बघा. आधी तो तरंगतो. मग बारीक बुडबुडे सुटायला लागतात आणि तो हळूहळू जड होत जातो. ते बुडबुडे म्हणजे कोळशाच्या आतल्या पोकळ्यांतून बाहेर ढकलली जाणारी हवा. झाडाच्या ज्या नळ्यांतून पाणी वर चढत होतं त्या नळ्या कोळशात जशाच्या तशा शिल्लक असतात, आणि त्यांच्या भिंतींना आणखी बारीक छिद्रं पडलेली असतात. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममधल्या या सगळ्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर कित्येक चौरस मीटर, काही वेळा शंभराच्याही वर भरतात. पाणी टिकतं ते या पोकळ्यांत. खतातले कण अडकतात ते या भिंतींवर.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी: बायोचार हे खत नाही. लाकडाच्या कोळशात पिकाचं अन्न फारसं नसतंच. तो पाणी आणि अन्न साठवायचं भांडं आहे. ज्याच्या घरात भांडंच नाही त्याला भांडं दिलं तर त्याचा संसार बदलतो. ज्याचं फडताळ आधीच भरलेलं आहे त्याला आणखी एक पातेलं दिल्यानं काय होणार? काओमाच्या वाळूकडे भांडं नव्हतं. त्या इतर तीन ठिकाणच्या मातीकडे थोडंफार होतं.

आता हे भांडं जमिनीत मुळात असतं कुठं? दोन ठिकाणी: चिकणमातीच्या कणांवर आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थात, म्हणजे ह्युमसमध्ये. दोघांच्याही पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, अमोनियमच्या रूपातला नत्र हे सगळे धन भाराचे, म्हणून ते तिथं चिकटून राहतात आणि मुळांना लागतील तसे सुटतात. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीतली चिकणमाती या कामात फार तरबेज आहे. आफ्रिकेच्या मोठ्या भागातल्या जमिनी मात्र अतिशय जुन्या आहेत. लाखो वर्षं ऊन-पावसात झिजून त्यांतली चिकणमाती केओलिनाइट या प्रकारची झाली आहे. कुंभाराला ती आवडेल, पण अन्नद्रव्यं धरून ठेवायची तिची ताकद काळ्या मातीच्या एक दशांशाइतकीच. म्हणजे अशा जमिनीत ह्युमस हाच एकमेव खरा आधार, आणि उष्ण प्रदेशात नांगराखाली आलेला ह्युमस भराभर संपतो.

तो किती वेगानं संपतो हे पश्चिम केनियात मोजलं गेलं आहे. काकामेगा आणि नांदीच्या जंगलाच्या कडेला वेगवेगळ्या काळात झाडं तोडून शेतं झाली. काही शेतं नुकती जंगलातून आलेली, काही शंभर वर्षं कसलेली. शेजारी शेजारी असलेली ही शेतं म्हणजे जमिनीच्या म्हातारपणाचा जणू अल्बमच. जंगल तुटल्यानंतरच्या पहिल्या 35 वर्षांत मक्याचं उत्पन्न जवळपास दोन तृतीयांशानं घटल्याचं तिथं दिसलं. कॉर्नेल विद्यापीठाचे योहानेस लेमान आणि केनियातले त्यांचे सहकारी यांनी या शेतांवर शेणखत, तिथोनियाचा पाला (बांधावर उगवणारं मेक्सिकन सूर्यफूल), लाकडाचा भुसा आणि कोळसा अशा वेगवेगळ्या गोष्टी घालून पाहिल्या. सर्वात थकलेल्या शेतांत कोळशानं मक्याचं उत्पन्न दुप्पट झालं. जमीन जितकी दमलेली, तितका परिणाम ठळक.

मला या प्रयोगातली सर्वात महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेगळीच. तिथोनियाच्या पाल्यानंही उत्पन्न चांगलं वाढलं होतं. पण पाला कुजतो, अन्न देतो आणि संपतो, पुढच्या हंगामात तो पुन्हा तोडून आणायचा. कोळसा कुजत नाही म्हटलं तरी चालेल, इतका सावकाश तो मोडतो. जमिनीत तो शेकडो वर्षं राहतो. त्यामुळे एका वर्षी घातलेला पुढच्या वर्षीही असतो, आणि दर वर्षीची भर आधीच्या भरीवर चढते. ज्याच्याजवळ एका वेळी फार काही नसतं त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आम्लतेचा प्रश्नही इथंच येतो. झिजलेल्या जमिनींचा सामू (पीएच) खाली गेलेला असतो. तो साडेपाचच्या खाली उतरला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मक्याची मुळं त्यानं आखडतात. शिवाय अशा लाल मातीतले लोह आणि ॲल्युमिनियमचे कण स्फुरदाला असे धरून बसतात की शेतकऱ्यानं घातलेलं महागडं खत पिकाला मिळतच नाही. कोळशासोबत थोडी राख असतेच, आणि राख अल्कधर्मी. त्यामुळे सामू वर येतो, ॲल्युमिनियम निवळतं, थोडा स्फुरद मोकळा होतो. जिथं शेतीचा चुना शंभर-दोनशे किलोमीटरवरून ट्रकनं आणावा लागतो तिथं हा फायदा पाण्याच्या फायद्याइतकाच मोलाचा आहे.

जगभरचे प्रयोग एकत्र करून 2017 साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासातही हेच चित्र उमटलं: उष्ण कटिबंधात बायोचारनं उत्पन्न सरासरी 25 टक्क्यांनी वाढतं, समशीतोष्ण देशांतल्या सुपीक जमिनींत सरासरी वाढ काहीच नाही. युरोपातल्या शेतकऱ्याला ज्याचा उपयोग नाही ते काओमातल्या शेतकऱ्याच्या कामाचं आहे. शेतीच्या तंत्रांबाबत असं क्वचितच घडतं, एरवी गाडी उलट्या दिशेनं धावते.

आणि हे ज्ञान बाहेरून आफ्रिकेत आलं असं मानायचंही कारण नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या 'तेरा प्रेता' या, माणसांनी कोळसा मिसळून घडवलेल्या काळ्या मातीची कहाणी सगळे सांगतात. पण लायबेरिया आणि घानामधल्या गावांभोवतीही तशीच काळी माती आहे आणि ती आजही तयार होते आहे. हे काम मुख्यतः बायकांचं. चुलीतले निखारे, पामतेल काढल्यावर उरलेला चोथा आणि कवच्या, साबणासाठी क्षार काढून घेतलेली राख, हाडं, घरातला ओला कचरा, सगळं परसात ठरलेल्या जागी पडतं आणि मुरतं. आपल्या उकिरड्याचीच ही बहीण, फक्त तिच्यात कोळसा भरपूर. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मातीत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त सेंद्रिय कार्बन आढळला, आणि तिचे सर्वात जुने पट्टे सुमारे 700 वर्षांपूर्वीचे निघाले. खापरपणजीच्या चुलीतला कोळसा आजच्या भाजीला पाणी धरून देतो आहे.

आता करायचं कसं ते. महागडी भट्टी लागत नाही. 2014 साली स्वित्झर्लंडमधल्या इथाका संस्थेत हान्स-पीटर श्मिट आणि पॉल टेलर यांनी 'कोन-टिकी' नावाची शंकूच्या आकाराची उघडी भट्टी तयार केली आणि तिचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. पत्र्याला पैसे नसतील तर जमिनीत तसाच निमुळता खड्डा खणला तरी चालतो: तोंडाशी दीडेक मीटर, खोली पाऊण मीटरच्या आसपास.

खड्ड्याच्या तळाशी काटक्या उभ्या रचून वरून पेटवायच्या. निखारे झाले की वाळलेल्या कणसांचा पातळ थर टाकायचा. तो भडकतो, मग ज्वाळा बसायला लागतात आणि निखाऱ्यांच्या कडेवर पांढरी राख दिसू लागते. ती दिसली रे दिसली की पुढचा थर. उशीर केला तर कोळशाची राख होते, घाई केली तर ज्वाळा दबून धूर सुटतो. सगळी कारागिरी या दोन चुकांच्या मधली आहे. वर ज्वाळांचा पडदा पेटता असेपर्यंत तोच आत येणारी हवा खाऊन टाकतो, त्यामुळे खालच्या निखाऱ्यांना हवा मिळत नाही आणि ते कोळसा होऊन राहतात. धूरही त्याच ज्वाळेत जळून जातो, म्हणून नीट चाललेल्या खड्ड्याला धूर फार कमी. माल ओला असेल तर मात्र सगळंच बिघडतं. धूर होतो, मिथेन हा हवा तापवणारा वायू सुटतो आणि कार्बन मातीत अडकवून हवामानासाठी केलेल्या कामानं हवामानाचंच नुकसान होतं. दोन-तीन तासांत खड्डा भरला की पाणी ओतून किंवा पाणी दुर्मीळ असेल तर मातीनं गच्च झाकून विझवायचा. कोरड्या कोळशाची भुकटी फुप्फुसाला वाईट, म्हणून फोडताना, पसरताना तो ओलाच ठेवावा.

इथपर्यंत आल्यावर बरेच जण घाईनं तो कोळसा शेतात टाकतात आणि पीक पिवळं पडलं की बायोचारला नावं ठेवतात. रिकामं भांडं घरात आणलं की ते आधी स्वतः भरून घेतं. ताजा कोळसा मातीतलाच नत्र स्वतःकडे ओढू शकतो. म्हणून तो आधी भरलेला हवा: गोमूत्रात भिजवून, शेणखतात मिसळून काही आठवडे मुरवून, गोठ्यात जनावरांखाली अंथरून, किंवा कंपोस्टच्या ढिगात थर देऊन. नेपाळमध्ये भोपळ्यावर झालेल्या एका प्रयोगात गोमूत्रात भिजवलेला कोळसा हेक्टरी फक्त 750 किलो, थेट मुळांपाशी घातला होता. नुसतं गोमूत्र दिलेल्या वाफ्यांपेक्षा उत्पन्न चौपटीच्या वर गेलं. कोळशाची मात्रा थोडी, पण ती भरलेली होती आणि नेमक्या जागी होती.

आता खरा अवघड भाग, तो म्हणजे हिशेब. काओमात जे हेक्टरी 4 टन घातलं ते एका घराला जमेल का?

झांबियात 'लिमा' हे जमिनीचं चालतं माप आहे, पाव हेक्टर. तिथले अनेक शेतकरी सगळं रान नांगरत नाहीत. पेरणीसाठी कुदळीनं छोटे आयताकृती खड्डे खणतात, वीतभर खोल, आणि दर वर्षी त्याच खड्ड्यांत पेरतात. हेक्टरी सुमारे 15,850 खड्डे, म्हणजे एका लिमाला जवळपास 4,000. हेक्टरी 4 टन कोळसा म्हणजे खड्ड्यामागे पाव किलो. कोळसा हलका, त्यामुळे त्या होतात दोन-तीन ओंजळी. ऐकायला थोडं वाटतं, पण एका लिमासाठी ते एक टन होतं.

आता उलट बाजूनं मोजू. हेक्टरी 2 टन मका पिकतो असं धरलं तर एका लिमात 500 किलो. त्यातून दाणे काढलेली कणसं निघणार साधारण 100 किलो, आणि त्यांचा कोळसा 20 ते 25 किलो. म्हणजे 80 ते 100 खड्डे. चार हजारांतले शंभर! धाटांपैकी अर्धी जाळायला घेतली तर आणखी दोनेकशे खड्ड्यांची सोय होईल, पण धाटं जनावरंही खातात आणि रानात पसरून ठेवली तर ओल धरतात. तेव्हा सगळी जाळणं परवडणार नाही. मी हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा आधी निराश झालो. बायोचारवरच्या उत्साही लेखांत तो सहसा नसतो.

पण याच हिशेबातून वाटही दिसते. कोळसा रानभर फेकला तर तो कुठंच दिसणार नाही. खड्ड्यात, मुळांच्या तोंडाशी घातला तर तेवढ्याच कोळशात कितीतरी पट काम होतं. आणि खड्डे दर वर्षी तेच असल्यामुळे आज भरलेले शंभर पुढच्या वर्षी भरलेलेच राहतात, तेव्हा नवे शंभर घ्यायचे. शिवाय झांबियातल्या संशोधकांनी आणखी एक माल वापरून पाहिला, तो आपल्या ओळखीचा: तुरीची धाटं. मक्यासोबत तूर लावली की ती जमिनीला नत्र देते, डाळ देते, आणि शेवटी कोळशासाठी तुराट्या देते. विदर्भ-मराठवाड्यात तुराटीचा निखारा कसा धरतो हे कुणाला सांगायला नको.

मग एक व्यवहाराचा प्रश्न उरतो. कोळसा शहरात विकला जातो. स्वाहिलीत त्याला 'म्काआ' म्हणतात, आणि पूर्व आफ्रिकेतल्या शहरांत लाखो घरांचं रांधणं त्यावर चालतं. ज्या वस्तूचे रोख पैसे येतात ती मातीत का पुरायची? या प्रश्नाला उपदेशानं उत्तर देता येत नाही. कणसांचा कोळसा हलका आणि ठिसूळ, बाजारात त्याला लाकडी कोळशासारखा भाव नाही, एवढंच पथ्यावर पडतं. लाकूड तोडून बायोचार करायला मात्र माझा ठाम विरोध आहे. जमीन सुधारण्यासाठी जंगल तोडणं म्हणजे ज्या कारणानं पश्चिम केनियातली शेतं म्हातारी झाली तेच पुन्हा करणं.

केनियातल्या एम्बू भागात याला एक छान पर्याय तपासला गेला: गॅसिफायर चूल. इंधन या चुलीत वरून खाली जळत जातं, त्यातून सुटणाऱ्या वायूच्या ज्वाळेवर उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) शिजते, आणि स्वयंपाक झाला की तळाशी कोळसा उरतो. तीन दगडांच्या चुलीच्या तुलनेत, उरलेला कोळसा हिशेबात धरला तर, इंधन सुमारे 40 टक्के कमी लागलं आणि स्वयंपाकघरातला धूर खूप घटला. अडचण इतकीच की लाकडं बारीक आणि एकसारखी तोडावी लागतात. ते काम कुणाच्या हातांना लागणार, हे चूल वाटणाऱ्यांनी आधी विचारायला हवं.

कार्बन क्रेडिटची चर्चाही आता इथं पोचली आहे. एक टन चांगला बायोचार जमिनीत गेला की साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर राहिला असं धरतात, आणि त्याचे पैसे परदेशी कंपन्या देतात. शेतकऱ्याला त्यातून मजुरी सुटली तर चांगलंच. पण क्रेडिट कोळशाच्या टनावर मिळतं, मक्याच्या पोत्यावर नाही. उद्या टन वाढवण्यासाठी धाटाचा शेवटचा काडकाही जाळला गेला, तर जनावर उपाशी आणि रान उघडं. पैसा कशावर मोजला जातो त्यावर शेत कुठं वळणार हे ठरतं.

खताला हा पर्याय आहे का, असंही विचारतात. नाही. 2006 साली अबुजा इथं आफ्रिकी देशांनी खताचा वापर हेक्टरी 8 किलोवरून 2015 पर्यंत 50 किलोवर न्यायचं ठरवलं होतं. ते उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. खत कमी पडतं हे खरंच आहे. पण जे थोडं मिळतं ते वाळूतून गळून जाऊ नये, कोळशाचं काम तेवढंच. आणि ज्याला वर्षाला खताच्या दोनच गोण्या परवडतात त्याच्यासाठी ते फार मोठं आहे.

आपल्याकडे हे करून पाहायचं असेल तर पहिला प्रश्न मातीचा. काळ्या, खोल जमिनीत बायोचारकडून फार आशा धरू नये. तिच्याकडे भांडी पुष्कळ आहेत, तिची दुखणी वेगळी. कोकणातली जांभ्याची लाल, आम्लधर्मी माती मात्र काकामेगाच्या मातीची जवळची नातेवाईक आहे. तिथं भाताच्या, नाचणीच्या रोपांसाठी राब भाजतात: कवळ, पालापाचोळा, शेण पसरून पेटवायचं. त्या राखेचा गुण पहिल्या हंगामात दिसतो आणि पावसाबरोबर उतरतो. त्याच कवळातल्या जाड काटक्या वेगळ्या काढून खड्ड्यात कोळसा केला आणि शेणात मुरवून दोन-चार वाफ्यांना घातला, तर फरक पडतो की नाही हे एका वाफ्यात घालून आणि शेजारचा तसाच ठेवून कुणालाही बघता येईल.

काओमाकडे परत जाऊ. तिथं कापणीनंतर, कोरड्या दिवसांत, पुढच्या पेरणीचे खड्डे पुन्हा उकरले जातात. कुदळ वाळूत शिरते आणि जिथं कोळसा घातला होता तिथं करड्या मातीत काळा चौकोन उघडा पडतो, कडा अजून शाबूत. त्याच्यापुढचा खड्डा करडाच. या वर्षीच्या दोन ओंजळी कुठं घालायच्या हे तिथंच कळतं.